संपादक म्हणाले ‘कथा घेतोय’, आता पुढे? नव्या कथाकारांसाठी

कथा कशी लिहावी हे शिकवणाऱ्या कार्यशाळांना आता तोटा नाही. पण लिहून झालेली कथा कुणाकडे, कधी आणि कशी पाठवायची, ‘घेतोय’ असा निरोप आल्यावर काय काय विचारून घ्यायचं, हे जो तो अजूनही ठेचा खातच शिकतो. हा लेख त्यासाठी. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा हंगाम दिवाळीच. म्हणून इथलं बरंचसं दिवाळी अंकांना धरून लिहिलं आहे. मासिकं-त्रैमासिकांनाही त्यातलं बहुतेक लागू पडतं.

१. आधी अंक वाचा, मग पत्ता शोधा

गेल्या वर्षीचे अंक विकत घेत बसायची गरज नाही. बहुतेक सार्वजनिक वाचनालयांची दिवाळी अंक योजना असते. थोडी वर्गणी भरली की दोन-तीन महिने अंक बदलून बदलून घरी नेता येतात. वाचताना अनुक्रमणिका नीट बघा. सगळी नावं माहितीतली असतील, तर तिथे बहुधा कथा मागवून घेतात. दोन-तीन नावं कधीच न ऐकलेली असतील, तर त्या संपादकाच्या टेबलावर आलेलं टपाल खरंच उघडलं जातं. शक्यतो अशाच अंकापासून सुरुवात करा. नाव मोठं की लहान, हे पहिल्या कथेला फारसं महत्त्वाचं नाही.

दिवाळी सोडूनही जागा आहेत. ‘अनुष्टुभ’सारखी नियतकालिकं आहेत. साहित्य संस्थांची आपापली मुखपत्रं आहेत: पुण्याच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचेही अंक निघतात. प्रत्येकाचा पिंड वेगळा. विनोदी अंकाला गंभीर दीर्घकथा पाठवून ‘साभार परत’ आली, तर त्यात कथेचा दोष नसतो.

२. लक्ष्मीपूजनापासून उलटं मोजा

दिवाळी दरवर्षी सरकते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक, आणि तो सगळा संपादकाच्या वेळापत्रकात उतरतो. साधारणपणे उन्हाळ्यात आवाहनं येतात, जून-जुलैपर्यंत कथा मागवतात, श्रावणात निवड होते आणि गणपतीच्या सुमारास पानं लावायला घेतात. दिवाळी ऑक्टोबरात असेल तर सगळंच आधी. ऑगस्टअखेरीस कथा पाठवून ‘यंदाच्या अंकात बघा’ म्हणणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मागणं.

३. पाठवायची फाइल

युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल आणि तिचीच पीडीएफ, दोन्ही पाठवा. वर्ड फाइल त्यांच्या कामासाठी, पीडीएफ ‘मूळ असं होतं’ हे दाखवण्यासाठी. हिचा उपयोग प्रूफाच्या, म्हणजे छपाईआधी तपासायला येणाऱ्या पानांच्या वेळी कळेल. फाइलला कथेचं आणि तुमचं नाव द्या. ‘कथा फायनल नवीन २’ अशा नावाच्या फायली संपादकाकडे ढिगाने असतात. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, ई-मेल आणि शब्दसंख्या लिहा. प्रसंग बदलतो तिथे नुसती रिकामी ओळ सोडू नका, तीन फुल्या टाका. मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना रिकाम्या ओळी हमखास गळतात आणि सकाळचा प्रसंग रात्रीच्या प्रसंगाला जाऊन चिकटतो.

काही संपादक अजूनही हस्तलिखित घेतात. तसं असेल तर फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहिलेला, डावीकडे समास, पानांना क्रमांक. मूळ प्रत स्वतःकडे ठेवून झेरॉक्स पाठवा.

सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे. त्यात एक वाक्य मात्र हवंच: ‘ही कथा माझी स्वतःची असून अप्रकाशित आहे आणि सध्या अन्यत्र विचारार्थ पाठवलेली नाही.’ फेसबुकवर किंवा एखाद्या ॲपवर टाकलेली कथा बरेच संपादक प्रकाशित धरतात. तसं काही केलं असेल तर आधीच सांगा. कथेचा आशय, तिच्यामागची प्रेरणा, मित्रांनी केलेलं कौतुक यातलं काहीही पत्रात नको. ते वाचून कथा घेतली गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

एकच कथा एकाच वेळी चार ठिकाणी पाठवू नका. मराठीत हे खपत नाही. दोन अंकांत एकच कथा छापून आली तर दोन्ही संपादक ते पुढे बरीच वर्षं लक्षात ठेवतात, आणि ही मंडळी एकमेकांशी बोलतात.

४. वाट पाहणं

पोच आली तर उत्तम. नाही आली तर आठवड्याभराने ‘कथा मिळाली का?’ एवढंच विचारा. मग थांबा. निर्णयासाठी दोन महिने हा अवधी वाजवी आहे. त्यानंतर एक ओळीची चौकशी करावी, ती ई-मेलने. रात्री साडेनऊला संपादकांना फोन लावू नये, व्हॉट्सॲपवर रोज सुप्रभात तर नकोच नको.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांच्या ‘सत्यकथा’ मासिकाचे किस्से नवीन लेखकांना फार ऐकवले जातात. संपादक कथेवर सविस्तर पत्रं लिहीत, लेखक पुन्हा पुन्हा लिहीत. ते खरं आहे. पण ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. आजचे अनेक संपादक नोकरी-व्यवसाय सांभाळून, पदरचे पैसे घालून अंक काढतात. त्यांच्याकडून नकाराचं कारण मिळेल अशी अपेक्षा धरू नका. मिळालं तर जपून ठेवा. काहीच उत्तर नसेल तर ‘ही कथा मी मागे घेत आहे’ असं लेखी कळवूनच पुढच्याकडे पाठवा.

५. होकार आला

तो बहुधा फोनवर येतो. अनोळखी नंबर, पलीकडून ‘ताई, तुमची कथा वाचली, घेतोय आपण’, आणि फोन पाऊण मिनिटात बंद. त्या पाऊण मिनिटात आपल्याला काहीही सुचत नाही, आभार मानण्यापलीकडे. चालेल. पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सविस्तर ई-मेल करा. असा:

‘नमस्कार. काल फोनवर बोलल्याप्रमाणे माझी अमुक ही कथा आपण यंदाच्या दिवाळी अंकासाठी घेत आहात, याबद्दल आभार. ही कथा मी आता अन्यत्र पाठवणार नाही. मजकुरात काही बदल हवे असल्यास जरूर कळवावेत. छपाईपूर्वी अंतिम प्रूफ मला पाहायला मिळावं, ही विनंती. मानधनाबाबत आपलं धोरण कळवावं. या अंकातील प्रथम प्रकाशनाचा हक्क आपल्याला देत आहे, इतर हक्क माझ्याकडे राहतील. कथेखाली माझा फोन नंबर न छापता फक्त ई-मेल छापावा.’

हे उद्धट वाटेल, अशी भीती नवीन लेखकांना वाटते. नीट काम करणाऱ्या संपादकाला तसं वाटत नाही. उलट त्याचं काम सोपं होतं. ‘ठीक’ एवढं एका शब्दाचं उत्तर आलं तरी तुमच्याकडे लेखी काहीतरी झालं.

फोन नंबरचं मुद्दाम लिहिलं आहे. कथेच्या शेवटी लेखकाचा नंबर छापायची मराठी अंकांत जुनी पद्धत आहे. त्यातून छान वाचक भेटतात, पण नको तेही भेटतात. विशेषतः बायकांनी हा निर्णय स्वतः घ्यावा, तो पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्यावर सोडू नये.

आणखी एक. स्वीकारलेली कथा छापलीच जाईल असं नाही. जाहिराती कमी आल्या की पानं कमी होतात, आणि कात्री आधी नव्या नावांवर चालते. ‘पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतो’ असा निरोप आला तर हो म्हणायचं की कथा परत घ्यायची, हे तुम्ही ठरवा. माझ्या मते वर्षभर थांबायचं असेल तर तसं लेखी घ्यावं, नाहीतर परत घ्यावी. म्हणूनच अंक हातात पडेपर्यंत गावभर पेढे वाटू नयेत. समाजमाध्यमांवर घोषणाही संपादकांनी लेखकांची यादी जाहीर केल्यावरच करावी.

६. संपादकाने बदल सुचवले तर

इथे जरा थांबून लिहिते, कारण नवीन लेखक इथेच सर्वांत जास्त गोंधळतात. काही जण सगळं मान्य करतात, काही स्वल्पविरामासाठी भांडतात.

माझ्या एका कथेतली आक्का कागल भागातली. ती सुनेला म्हणते, ‘मी बाजारातनं आलो की बघतो.’ कोल्हापूरकडे बायका असंच बोलतात: मी आलो, मी जातो, मी करतो. संपादकांचा फोन आला. ‘ताई, ही आक्का मधेच पुरुषासारखी का बोलते?’ मी म्हटलं, ‘सर, आमच्याकडे सगळ्याच बोलतात.’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तुमच्याकडे बोलतात हो, पण नागपूरच्या वाचकाला ती चूक वाटणार. तो तिथेच अडकणार.’

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि माझंही. मार्ग असा निघाला: आक्काची भाषा तशीच ठेवायची, पण पहिल्याच पानावर ती आणि शेजारीण यांचं चार ओळींचं बोलणं आणायचं. दोघी बायका सलग ‘आलो’, ‘गेलो’ म्हणाल्या की ही त्या भागाची रीत आहे हे वाचकाच्या आपोआप ध्यानात येतं. तळटीप लागत नाही. त्या बदल्यात निवेदनातले चार-पाच बोलीतले शब्द मी काढले. कथा त्यामुळे सुधारली, हे सांगायला हवं.

यातून मी वापरते ती रीत अशी. संपादक ‘इथे वाचक अडखळेल’ म्हणाला तर तो बहुतेक वेळा बरोबर असतो. ‘इथे असं लिहा’ म्हणाला तर तो बरोबर असेलच असं नाही. अडखळण्याची जागा त्याची, उपाय आपला. शेवट बदला, पात्राची जात-गाव बदला, कथा निम्मी करा, असल्या सूचना आल्या तर दोन दिवस घ्या आणि न पटल्यास शांतपणे कथा परत मागा. शब्दमर्यादेसाठी काट हवी असेल तर ती स्वतः करून द्या. नाहीतर पानं लावताना कुणीतरी शेवटचा परिच्छेद उडवतो, कारण तो पानाबाहेर जात असतो.

७. प्रूफ

प्रूफ मिळालं तर त्या दिवशीची बाकीची कामं बाजूला ठेवा.

अजूनही बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे युनिकोडमधला मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. या बदलात ठरावीक जागी पडझड होते. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची अदलाबदल होते: ‘सह्याद्रीच्या दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि घाटातली कथा समुद्रावर जाते. लग्नातल्या ‘आचाऱ्यांना’ बोलावलं की ‘आचार्यांना’ बोलावणं जातं. ‘ॲ’च्या जागी चौकट येते. अवतरणचिन्हं उलटी होतात किंवा संवाद संपतो तिथे गायब होतात, मग कोण बोलतंय कळत नाही. तीन फुल्या टिकल्या का, ते बघा. कथेच्या सुरुवातीच्या रेखाटनात पात्रांचं वय आणि वेश जुळतो का, हेही बघून घ्या. मात्र चित्रकाराच्या शैलीत नाक खुपसू नका.

मग बोली. मुद्रितशोधक प्रमाणभाषेच्या सवयीने वाचतो, आणि शुद्धलेखनाचे नियम पाळणं हे त्याचं कामच आहे. साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. त्या नियमांतच सवलत आहे की पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी. पण घाईत हे कोण आठवतं! माझ्या त्या आक्काचं प्रूफ आलं तेव्हा अर्ध्या पानांवर ती ‘आले’ म्हणत होती आणि अर्ध्यांवर ‘आलो’. ‘न्हाई’चं काही ठिकाणी ‘नाही’ झालं होतं. कुणीतरी मनापासून शुद्ध केलं होतं, पण चहाच्या वेळेपर्यंतच. तेव्हापासून कथा पाठवतानाच वरती एक ओळ टाकते: ‘संवाद बोलीत आहेत, कृपया प्रमाण करू नयेत.’

दुरुस्त्या कळवताना ‘बऱ्याच चुका आहेत’ असं लिहून काही होत नाही. यादी करा: ‘पान ४७, डावा स्तंभ, खालून तिसरी ओळ: दर्या ऐवजी दऱ्या.’ एका ओळीत एक दुरुस्ती. मूळ पीडीएफ सोबत जोडा. प्रूफावर नवीन वाक्यं सुचवू नका. एक ओळ वाढली तर पुढची सगळी पानं सरकतात आणि संपादकाची रात्र जाते. दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. नाही दिलंत तर तुमचा होकार धरून अंक छपाईला जाईल.

८. हक्क

कायदा सोपा आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. कथा लिहून झाली की हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि तुमच्या सहीनिशीच करावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. अंकाच्या श्रेयपानावर बारीक अक्षरात ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ छापलं म्हणून तुमच्या कथेचा हक्क जात नाही. पण तुम्ही सही केलेल्या कागदावर तेच लिहिलं असेल तर तो जातो. म्हणून सही करण्याआधी वाचा.

नव्या लेखकाने एवढं देणं ठीक आहे: त्या अंकात प्रथम छापण्याचा हक्क आणि त्याच अंकाच्या ई-आवृत्तीचा. ऑडिओ, अनुवाद, नाटक-चित्रपट, पुस्तकात समावेश, हे सगळं स्वतःकडे. कुणी म्हणेल, पहिल्याच कथेवर कोण चित्रपट काढणार आहे? कुणी नाही. पण तीच कथा पुढे तुमच्या संग्रहात घ्यायला परवानगी मागत फिरावं लागू नये. हक्क दिला तरी कथेवर तुमचं नाव असण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार राहतो. कलम ५७.

९. पैसे

मानधन अंकागणिक बदलतं. कुठे बऱ्यापैकी, कुठे नाममात्र, कुठे फक्त मानार्थ अंक. तिन्ही प्रकारांत चांगले अंक आहेत. विचारण्यात कमीपणा नाही. टोपणनावाने किंवा माहेरच्या नावाने लिहीत असाल तर बँक खात्यावरचं नाव आधीच कळवा, नाहीतर टोपणनावाचा धनादेश येतो आणि बँक तो घेत नाही. पैसे सहसा दिवाळीनंतर, जाहिरातींची वसुली झाली की येतात. जानेवारी संपला की एक सौम्य स्मरणपत्र पाठवायला हरकत नाही.

उलट दिशेने पैसे मागितले तर मात्र थांबा. ‘प्रातिनिधिक कथासंग्रहात’ सहभाग शुल्क, ‘अंकाच्या पंचवीस प्रती घ्या’, ‘पुरस्कारासाठी नोंदणी’, हे सगळं लेखकाच्या हौसेवर चालतं. मला एका अंकाने कथा पसंत असल्याचं कळवलं आणि त्याच श्वासात विचारलं, ‘ओळखीतून एखादी अर्ध्या पानाची जाहिरात होईल का?’ मी नाही म्हटलं. कथा छापली नाही. ती नंतर दुसरीकडे आली. कथास्पर्धांना थोडं प्रवेशशुल्क असणं वेगळं. तिथे परीक्षक कोण, मागच्या वर्षीचा निकाल कुठे आहे, हे बघून ठरवा.

१०. अंक आल्यावर

मानार्थ प्रत एकच येते आणि ती कुणीतरी ‘वाचून देतो’ म्हणून नेतं. म्हणून आणखी एक प्रत विकत घेऊन ठेवा. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, श्रेयपान आणि कथेची पानं स्कॅन करा. एका वहीत नोंद: कथेचं नाव, अंकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक, मानधन. पुढे संग्रह निघेल तेव्हा पूर्वप्रसिद्धीचं पान यातूनच तयार होतं. छापील कथेत चूक राहिली असेल तर संग्रहासाठी स्वतःची फाइल दुरुस्त करा. संपादकाला दिवाळीत फोन करून ती ऐकवण्यात अर्थ नाही, तो तेव्हा प्रती पोहोचवण्याच्या धावपळीत असतो. त्याला कळवायचंच असेल तर अंकातली दुसऱ्या कुणाची कथा आवडली ते कळवा.

वाचकांची पत्रं दिवाळीत कमी येतात. अंक वाचनालयांतून हातोहाती फिरायला लागले की येऊ लागतात, थेट फेब्रुवारी-मार्चपर्यंत. तोवर पुढची कथा तयार असेल तर त्याच संपादकाला पाठवायला हरकत नाही. फक्त ‘गेल्या अंकातली माझी अमुक कथा आठवत असेलच’ अशी सुरुवात करू नका. नाव, कथेचं शीर्षक, शब्दसंख्या आणि ती अप्रकाशित असल्याचं एक वाक्य, बस्स.